बिल्ल्याचं गाऱ्हाणं

सोमवार, ९ मार्च

आज झालं ते क्रमाने.

१. शिमग्याच्या सुट्टीनंतर कोळंबी सोलायच्या लाइनवरच्या बायका कामावर आल्या.
२. जेवणानंतर कँटीनमध्ये ‘खुला संवाद’. तिसरी बैठक. खुर्च्या गोल. चालवणारी मी.
३. नियम वाचले : सगळे समान. साहेब-मॅडम नाही, नावाने हाक. बोलल्याबद्दल कोणावर काही नाही.
४. कोणी बोललं नाही.
५. लाइनवरच्या सुगंधाताईंनी गाऱ्हाणं घातलं.
६. प्लँट मॅनेजर देशमुख सर उठून गेले.

मंगळवार, १० मार्च

काल पाचव्या ओळीवर जास्त लिहायचं त्राण नव्हतं.

शेवटी सरच म्हणाले, “सुगंधा, बोला. मला विवेक म्हणा.”

सुगंधाताई : “साहेब, घोवाला अजून नावानं हाक मारली नाय, तुमाला कशी मारू?”

हशा. सरही हसले. वाटलं, आजही चहा पिऊन उठणार.

तर त्या उभ्या राहिल्या. हात जोडले. “बा म्हाराजा, आज तुजी लेकरं हितं गोल करून बसलीत—”

सगळ्या बायका एकदम : “व्हय म्हाराजा!”

आठवडाभर शिमग्याची पालखी दारोदार फिरतेय, दारोदार देवाला असंच गाऱ्हाणं, सूर तोंडातच होता.

“लाइनीवर एवढ्या बायका नि मोरीवर जायचे बिल्ले दोन—”

“व्हय म्हाराजा!”

“बिल्ला गावत नाय म्हणून आमी पानी पीत नाय, पोटात कळा येतात—”

“व्हय म्हाराजा!”

“तर ज्या कोनी हे बिल्ले काडले, त्याला एक दिस गमबूट घालून बिल्ल्याच्या रांगेत उभा कर, रे म्हाराजा!”

शेवटचं ‘व्हय’ सगळ्यात मोठं. पॅकिंगचे पुरुषही त्यात.

बिल्ल्यांची पद्धत सरांनीच सुरू केली. पत्र्याचे, सुपरवायझरच्या टेबलावर असतात. हातात बिल्ला नसेल तर लाइन सोडायची नाही. एकटीने उठून, पुरुषांसमोर, हे कोणी कधीच बोललं नसतं. स्टाफचं टॉयलेट वरच्या मजल्यावर. मला बिल्ला लागत नाही.

गुरुवार, १२ मार्च

इतिवृत्त परत आलं. मी लिहिलं होतं : सूचना – बिल्ले बंद करावेत. सूचना कोणाची – सर्वांची.

सर : “सर्वांची म्हणजे कोणाची? संवाद खुला आहे ना? मग नाव द्यायला काय हरकत आहे?”

“सगळ्यांनी होकार दिला, सर.”

“तो होकार नव्हता, नाटक होतं. सुरुवात कोणी केली ते लिही. तू इंजिनिअर आहेस, नेमकं लिहायला तुला शिकवायला नको.”

कोणी केली ते त्यांनी पाहिलंय. त्यांना ते माझ्याकडून, माझ्या सहीने हवंय.

दुसऱ्या बैठकीत पॅकिंगचा एक जण ओव्हरटाइमबद्दल बोलला. नाव इतिवृत्तात गेलं. आठवड्याच्या आत त्याला लोडिंगला टाकलं. सुगंधाताई तर कंत्राटावर. महिनाअखेर नवं करतात. किंवा करत नाहीत.

शुक्रवार, १३ मार्च

हात धुवायच्या नळाशी सुगंधाताई.

“मॅडम, माजा नाव घाला नि मोकळ्या व्हा. तुमी कशाला वाईट होताव?”

“बघते.”

“बघताव काय? आणि ऐका, तुमी पन ‘व्हय’ म्हनलाव. मी गाऱ्हाणा घालताना एक डोळा उघडा ठेवते.”

शेजारच्या दोघी फिसफिसल्या. मी नळ बंद केला.

म्हटलं होतं. हळू. शेवटच्याला.

शनिवार, १४ मार्च

दुपारी लाइनवर फेरी. पिण्याच्या पाण्याचं पिंप सकाळी भरलेलं, जवळजवळ तसंच. रोज तिथून जाते. पाण्याचा नमुना तपासणीला मीच पाठवते. अहवाल चांगला येतो. कोणी पीत नाही, हे त्यात येत नाही.

मुख्य कार्यालयाचा मेल : चौथी बैठक कधी? सहभाग वाढवा.

परत खुर्च्या गोल. परत तेच नियम वाचायचे, शेवटच्यासकट. बोलल्याबद्दल कोणावर काही

झोपते.

रविवार, १५ मार्च

कपडे, इस्त्री, बाजार. मेल तीनदा लिहिला, तीनदा पुसला. प्रत्येक वेळी लांब होत गेला.

सोमवार, १६ मार्च

पाठवला. सरांना, प्रत मुख्य कार्यालयाला. इथे उतरवून ठेवते.

‘९ मार्चच्या बैठकीतील बिल्ल्यांबाबतची सूचना हजर कर्मचाऱ्यांची आहे. एकच नाव आवश्यक असल्यास माझे घालावे. होकार देणाऱ्यांत मीही होते. बिल्ले बंद होणार का, आणि या सूचनेमुळे कोणाचेही कंत्राट थांबणार नाही ना, हे शुक्रवार, २० मार्चपर्यंत लेखी कळवावे. उत्तर आल्यावर चौथ्या बैठकीची तारीख ठरवता येईल.

– मृणाल’