बेडकाला रस्त्याची परवानगी

३ मार्च, मंगळवार

पकडले गेले! अकरा वर्षं अग्निशमन केंद्रात गाडी चालवतेय, कधी कुणी शिट्टी मारून थांबवलं नाही. आज नाक्यावर बेडकासकट अडवलं.

बेडूक म्हणजे आमची डोंगरगाडी. हिरवी, चार जाडजूड चाकं, मागे एक स्ट्रेचर. कच्च्या वाटेवर बकरीला लाजवेल. पण केंद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चार किलोमीटर डांबरी रस्ता, आणि त्यावर बेडकाने कायद्याने चाक ठेवायचं नाही. ट्रेलरवर चढवा, बांधा, न्या, उतरवा — अर्धा तास तिथेच जातो. वर खाणीत एकाचा पाय मोडला होता. मी सरळ निघाले.

नाक्यावर मोटार वाहन निरीक्षक स्वतः उभे. दर वाक्यात एक कलम सांगतात म्हणून आम्ही त्यांना कलमसाहेब म्हणतो. "नंबर नाही, आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत. ट्रेलर मागवा, बाई." मी हात जोडले — "माणूस वर कण्हतोय हो!" तर म्हणे, "या हाताने आजवर खोटं लिहिलेलं नाही. पाहिलं ते लिहिणार." लिहिलंच! मोडक्या पायाला दीड तास ताटकळावं लागलं. अजून धुसफुसतेय मी.

५ मार्च, गुरुवार

कलमसाहेब केंद्रात हजर! मला वाटलं, आता कसला कागद? तर परवानगीचा अर्ज घेऊन आले होते. तीन पायऱ्या चढून दारात थांबले, छातीवर हात. "पित्त," म्हणाले. चहा नको म्हणाले. मग आमच्या केंद्रप्रमुखांसमोर बसून अर्ज स्वतःच लिहून काढला. "कायदा अडवत असेल तर मोडू नका, बदलून घ्या. तातडीच्या सेवेला सूट मागता येते."

नाकासमोर चालणारा माणूस. मला रागच आला, कारण बोलणं बरोबर होतं.

९ मार्च, सोमवार

वरच्या वस्तीतली शिंपीणबाई गणवेश देऊन गेली. आमच्या सगळ्यांचे कपडे तीच शिवते. नववा सरत आलाय. पंचवीस तारखेच्या आसपास, म्हणाली. "ताई, या वेळी तुझी गाडी येईल ना गं?"

गेल्या साली मीच तिला बेडकावरून पायथ्याला आणलं होतं. पुढे डांबरी रस्ता. रुग्णवाहिकेची वाट बघत चाळीस मिनिटं तिचा हात धरून बसले होते. बाळ गेलं. तेव्हा मी कायदा पाळला होता.

"येईल," म्हटलं. शब्द देऊन बसलेय.

१२ मार्च, गुरुवार

आरसे, इंडिकेटर, लाल दिवा, सगळं बसवलं. आई फोटो बघून म्हणाली, "बेडकाला चष्मा लावलास की!"

१७ मार्च, मंगळवार

परवानगी आली! कलमसाहेब स्वतः घेऊन आले. मी केंद्रभर नाचले. प्रमुख मात्र कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. मग हळूच म्हणाले, "यात 'रुग्ण वाहून नेत असताना' असं आहे. पण रुग्ण आणायला जाताना गाडी रिकामीच असणार ना?"

चार किलोमीटर रिकामं जायची परवानगीच नाही! आणि अट एकदा जरी मोडली तरी परवानगी रद्द, बेडूक जप्त. हसावं की रडावं?

"मी झोपतो स्ट्रेचरवर. जाताना मी रुग्ण!" प्रमुख म्हणाले. "खोटा रुग्ण चालणार नाही," कलमसाहेब म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "मसुदा माझाच होता. येताना काय होईल एवढाच विचार केला मी." एवढासा चेहरा झाला त्यांचा. दुरुस्तीचा अर्ज आजच्या आज पाठवला. पंधरा दिवस लागतील. पंचवीसला आठच उरलेत.

१८ मार्च, बुधवार

काही नाही. वाट बघतेय.

२० मार्च, शुक्रवार

उशीर झालाय. पण आजच लिहायचंय.

दुपारी दोनला वस्तीवरून फोन. शिंपीणबाईला कळा! पाच दिवस आधीच. ट्रेलर गिरणीच्या आगीवर गेलेला. मी किल्ली घेतली. जप्त करायचं तर करा म्हटलं! प्रमुखांनी अडवलं नाही. दारात कलमसाहेब — दुरुस्ती अजून आलेली नाही, एवढंच सांगायला आले होते. घामेजलेले. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिले.

"नोंदवही आणा. लिहा. रुग्ण — मोटार वाहन निरीक्षक, वय सत्तावन्न. तक्रार — छातीत दुखणे."

मी म्हटलं, "अहो, पण दवाखाना तर शेजारीच आहे!"

"रुग्णाला कुठल्या वाटेने न्यायचं ते परवानगीत नाही. चला."

आणि झोपले की स्ट्रेचरवर! पट्टे बांधले, टोपी पोटावर. नाक्यावर त्यांच्याच माणसांनी सलाम ठोकला, यांनी झोपल्या झोपल्या घेतला. मला हसू आवरेना. वस्तीवर पोचताच ते उतरले आणि शिंपीणबाई त्यांच्या जागी आडवी झाली. माझ्या शेजारी तिची सासू. चौथ्याला जागाच नाही. "मी येतो चालत. उतारच तर आहे," म्हणाले. पायथ्याला थांबले नाही. डांबरी रस्ता, लाल दिवा, थेट दवाखाना!

मुलगी झाली. रडली — चांगली खणखणीत! जीव भांड्यात पडला.

कलमसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहायला लावलं, तेही आमच्यासाठी. उगाच त्यांच्यावर बालंट नको. प्रमुखांना सांगून उद्या ती ओळ खोडून टाकेन.

२१ मार्च, शनिवार

कलमसाहेब पहाटे दवाखान्यात भरती झाले. धोका टळलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरवड्यापासून छातीत दुखत होतं, अंगावर काढलं.

ओळ खोडली नाही. खरी आहे. आणि मी त्यांना तीन किलोमीटर डोंगर चालत उतरू दिला.