कोटाला आलेली स्थळं

दिग्रस,
पोळा झाल्यावरचा रविवार, १९६३

आदरणीय बाबारावदादा यांना धाकटा मावसभाऊ श्रावण याचा सविनय जयभीम.

इकडे आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून तीही सांगत नाही. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. नागपूरच्या कॉलेजात किड्यांवर व्याख्यानं देणाऱ्याला काय होणार? जे व्हायचं ते त्याच्या नातेवाइकांना होतं.

गेल्या खेपेला तुम्ही आमच्याकडे दोन वस्तू ठेवून गेलात. एक, तुमचा काळा लोकरी कोट, जो आपल्या घरातलं प्रत्येक लग्नाचं पोरगं मुलगी पाहायला जाताना घालतं (घाम त्याचा, रुबाब तुमचा). दुसरी, ऐनाच्या झाडावरून तोडलेला रानरेशमाचा एक कोसा, म्हणजे किड्याचा कोष. याला ऊब लागते, हलवू नको, कोटाच्या खिशातच राहू दे, असा हुकूम झाला. मी पडलो कापसाच्या जिनिंगमधला कारकून. विज्ञानापुढे माझं काय चालणार? राहू दिला.

फुलसावंगीला मुलगी पाहायला जायच्या आदल्या दिवशी खिशातून पाखरू निघालं. तळहाताएवढी तांबूस मादी, पोट टरारलेलं, रात्रभर कोटाच्या अस्तराला चिकटून बसली. सकाळी आईने तिला अंगणातल्या शेवग्यावर ठेवलं. मी कोट झटकला, हुंगून पाहिला (आपल्या तीन भावांच्या घामाशिवाय काही नव्हतं) आणि एसटी धरली. पुसदला ती बंद पडली, म्हणून पोचायला दिवेलागण झाली. एसटीला मी दोष देत नाही, तिने शिक्षण घेतलेलं नाही.

मुलीचे वडील नानाजी. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याबरोबर शकुन-अपशकुनही घराबाहेर काढले. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेने जाणारा माणूस. अंगणात सतरंजी, कंदील, पोहे. मुलगी कौसल्या येऊन बसली. मी नाव विचारणार, तोच एक मोठं पाखरू येऊन माझ्या छातीवर बसलं. मग दुसरं. मग मोजणं सोडून दिलं. कंदिलाकडे एकही जाईना. सगळी माझ्या खिशात शिरायला धडपडत होती.

मुलीची आत्या सत्यभामाबाई पदर सावरत म्हणाली, “मी बी नाही मानत काही. पण इतले पाखरं याच्याच आंगावर काहून बसून राह्यले?”

“कारण असन,” नानाजी म्हणाले. “पाव्हणे, तुमी सांगा.”

दादा, माझी अवस्था बघा. कारण दिलं नाही तर त्या घरात अपशकुन परत येणार आणि माझं स्थळ जाणार. कारण दिलं तर ते असं, की या कोटात रात्रभर एक मादी होती. शेवटी तुमचं जुनं पत्र आठवून सांगितलं, की मादी एका जागी बसून वास सोडते, माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण नर कोसभर लांबून मिशांनी हुंगतो, आपल्याच जातीचा म्हणून ओळखतो आणि वाऱ्याच्या उलट उडत येतो. जर्मनीत म्हणे त्या वासाच्या चिमटीसाठी लाखो माद्या पिळल्या. उगाच खर्च केला. तुमचा कोट पिळायचा होता.

आत्याबाईंनी एवढ्यातून एकच घेतलं. “म्हंजे कोटात कोणी होती?”

“कोट काढा,” नानाजी म्हणाले. “तिकडं गाडीच्या जुवावर टाका. पाहू, पाखरं कोणाचे हायेत ते.”

कोट मी कशासाठी घातला होता हे तुम्हाला माहीत आहे. आतल्या सदऱ्याची बाही खाकेपासून कोपरापर्यंत उसवलेली होती. काढला. सगळे नर मला सोडून बैलगाडीकडे गेले आणि मी उसवलेला बसून राहिलो. तेव्हा कौसल्या उठली, कंदील घेऊन गाडीपाशी गेली आणि निरखून म्हणाली, “याच्या मिशा तं फणीवानी हायेत. सारे नरच हायेत का?” मी हो म्हणालो. ती माझ्या बाहीकडे बघून हसली. दादा, खरं सांगतो, ती मला फार आवडली. आणि म्हणूनच तुमचा राग येतो. नानाजी फक्त “कळवतो” म्हणाले, आणि कळवतो म्हणजे काय हे आपल्या घरात मला शिकवायला नको.

तरी यापुढे तुमचा कोणताही किडा, अळी, अंडं वा कोसा या घरात येता कामा नये. आणलात तर मावसभाऊ विसरा.

आपला (असलो तर)
श्रावण

ता. क. पत्र टाकायला निघालो तर नानाजींचा माणूस आला. स्थळ पसंत आहे, पण एक अट आहे. आत्याबाईंनी गावभर केलं आहे, की नवरदेवाला पाखरं लागली आहेत. म्हणून येत्या रविवारी साऱ्या गावासमोर तो कोट पुन्हा टांगायचा आणि पाखरं पुन्हा आली की मगच सुपारी.

ता. क. दुसरा. आईने काल कोट रिठ्याने दोनदा धुतला. रात्रभर अंगणात वाळत होता, एक डाससुद्धा बसला नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा तुमच्याजवळचे सगळ्यांत जड कोसे (जड म्हणजे मादी, असं तुम्हीच सांगितलं होतं) घेऊन ताबडतोब निघा. कोट तुम्हीच घाला. माझा सदरा त्या रात्रीच्या मुक्कामात तिकडेच राहिला होता, तो कौसल्याने बाही शिवून पाठवला आहे.