मोठा पंडित कोणाला म्हणावं

लाडक्या एलियाझर,

काल जेरुसलेमहून आलेले तुझे गुरुजी वाशीला आपल्या घरी जेवले. मी विचारलं, "माझा मुलगा तोराचा, आपल्या धर्मग्रंथाचा, मोठा पंडित झाला म्हणतात. सगळं पाठ आहे का त्याला?"

ते म्हणाले, "पाठ पुष्कळांना असतं. पण एखाद्या नवख्या विद्यार्थ्याचं बरोबर निघालं, की हा भर वर्गात 'मी चुकलो' म्हणतो. म्हणून तो मोठा."

तू नोकरी सोडून तिकडे शिकायला गेलास, तेव्हापासून पप्पा तुझ्याशी बोललेले नाहीत. काल तेही ऐकत होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोराला जमतं, मग मला का नाही?"

आज सकाळपासून फोन हातात धरून बसलेत. म्हणून हे पत्र मी पाठवत नाही. त्यांच्याच तोंडून ऐक, बाळा. तुझा आवाज कानावर पडावा म्हणून मीही दाराशी उभी आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई