कॅसेटच्या शेवटचं हसू

बाई, एक लेख तपासायला किती पडतं ते आधी सांगतो. सगळं फुकट असतं असं मी घरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यात माझे बरेच रविवार गेले, चष्म्याचा नंबर वाढला, मालाडला मेहुण्याच्या घरची पूजा चुकली आणि बायको दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. शिवाय माळ्यावरचा जुना कॅसेट प्लेअर काढताना पाठ धरली ती वेगळीच. हे सगळं एका पॉप गाणाऱ्या मुलीच्या पहिल्या अल्बमवरच्या लेखासाठी. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "मेल्या, तुका दुसरा काम नाय?"

नाही ना. धंदा मुलाकडे दिला. मालाडचा डबिंग स्टुडिओ आता तोच बघतो आणि मी गेलो की त्याची माणसं उगाच ताठ बसतात, म्हणून मी जात नाही. तुम्ही गेल्यानंतर इंटरनेटवर एक ज्ञानकोश निघालाय. तो कुणीही लिहू शकतो आणि कुणीही खोडू शकतो. एकानं लेख लिहायचा आणि ज्यानं त्यात एक ओळही लिहिलेली नाही अशा दुसऱ्यानं तो वाक्यागणिक तपासायचा, ही तिथली पद्धत. पास झाला तर लेखावर खूण लागते. म्हणजे आपलं तपासणीचं टेबलच की हो! मुलुंडच्या कारखान्यात वर मशिनवर कॅसेटा भरल्या जात आणि खाली आपण हेडफोन लावून ऐकत बसायचो. तुमच्या हाताखाली पहिल्या आठवड्यात मी एक कॅसेट ऐकून "झकास आहे" म्हणालो, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतलात. "आवडली का विचारलं नाही तुला. बरोबर आहे का ते सांग." ते वाक्य विकून मी आयुष्यभर खाल्लं, बाई. स्टुडिओत नट येऊन विचारायचे, कसं झालं? मी म्हणायचो, बरोबर झालं. काही जण रागवायचे, पण पुन्हा माझ्याकडेच यायचे.

लेख लिहिणारी मुलगी बोरिवलीची. अंधेरीला नोकरी करते आणि जेवणाच्या सुट्टीत हे लिहिते. सुरुवातीला तिनं मला "आदरणीय सदस्य" म्हटलं, माझ्या शंकांची पहिली फेरी झाल्यावर "काका". काय लिहिलंय पोरीनं! "अफाट लोकप्रिय" या शब्दांपाशी मी विचारलं, कोण म्हणतं? दुसऱ्या दिवशी ते दोन शब्द गेलेले आणि त्यांच्या जागी त्या काळच्या वर्तमानपत्रातलं एक कौतुक आणि एक झोडपणं, शेजारी शेजारी. आपल्याच कारखान्यात भरलेल्या त्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला गाण्यांचा क्रम वेगळा होता आणि पुढे निघालेल्या सीडीवर तो बदलला, हे मलाही आठवत नव्हतं. तिनं शोधून काढलं होतं. पाचव्या गाण्यात ढोलकी थांबते आणि नुसता कीबोर्ड उरतो त्या जागेवर तिची एकच साधी ओळ आहे. ती वाचताना मला ती जागा ऐकू आली. गाण्याबद्दल असं लिहिणं किती कठीण ते मला विचारा. मी तिला तसं कळवलं, तर ती म्हणते, "काका, हे तपासणीच्या निकषात बसत नाही."

शेवटच्या परिच्छेदापाशी मात्र मी अडलो. अल्बमचं शेवटचं गाणं संपतं, जरा शांतता असते आणि गायिका हसते. लेखात लिहिलं होतं की ते हसू तिनं मुद्दाम ठेवलं, तसं तिनंच मुलाखतीत सांगितलंय. मी खुर्चीतून उठलोच. मुद्दाम? मी त्या टेबलावर होतो. गाण्याच्या कंपनीकडून मास्टर टेप आली, मी शेवट ऐकला आणि हात वर केला की गाणं संपल्यावर काहीतरी राहिलंय. आपला नियमच तसा. गाण्यानंतरची खुर्ची, खोकला, कुजबुज, सगळं दोषात जायचं. मॅनेजर तेवढी टेप कापायला ब्लेड घेऊन उभा आहे. तुम्ही हेडफोन लावता, टेप मागे घेता, ऐकता. परत मागे घेता. डोळे मिटलेले. तुमच्या घाटकोपरच्या स्वयंपाकघरात तेल तापलं की नाही हे तुम्ही पाठमोऱ्या, नुसत्या आवाजावरून सांगायचात, तेव्हा चेहरा असाच असायचा. मॅनेजर म्हणतो, "बाई, कंपनी सगळा माल आपल्या गळ्यात मारेल." तुम्ही म्हणता, "मारू दे. गळा माझा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणता, "रवांदे रे तां, राहू दे. चूक नाही ती."

ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल! दर वेळी अशीच, की पोरीचा पहिलाच अल्बम होता, सुटल्याच्या आनंदात ती चुकून हसली आणि आमच्या बाईंना माया आली, म्हणून ते हसू वाचलं. आता कुठेतरी ते लिहिलं जायला नको का? ज्या कॅसेटा तुम्ही ऐकून सोडल्यात त्यातल्या एकीवरही तुमचं नाव नाही. मी बोरिवलीला फोन लावला.

"काका, मला पटतंय हो सगळं. पण छापील संदर्भ?"

"मी स्वतः तिथे होतो, बाळा."

"हो, पण तुम्ही म्हणजे संदर्भ नाही ना!"

मी हसलो, पण लागलं. दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या मुलीला फोन करून सांगितलं, "ताई, आता बघ, आईचं नाव जगभर वाचतील. मी आहे ना तिथे."  ती म्हणाली, "तुला आठवण आहे रे तिची." तेवढ्यावर मी सुटलोच. मुलुंडला स्वतःचं साप्ताहिक चालवणारा एक मित्र आहे. त्याला म्हटलं, एक आठवण छापशील का? म्हणाला, "यार, अर्धं पान देतो, फोटो पाठव." म्हणजे आधी मी सांगायचं, त्यानं छापायचं, मग तेच छापील म्हणून मीच दाखवायचं. धंद्यात मी याहून वाकडे रस्ते पाहिलेत, आणि हा तर सरळच वाटत होता.

मजकूर लिहिण्याआधी एकदा ऐकावं म्हणून प्लेअर माळ्यावरून उतरवला. बेल्ट बदलला, कॅसेट घातली, थेट शेवटावर नेली. गाणं संपलं. शांतता. हसू. मागे घेतली, पुन्हा ऐकली. आणि बाई, तिसऱ्यांदा मागे घेतली. हसण्याआधी एक श्वास आहे, तयारीचा. आणि ते हसू गाण्याच्या आवाजापेक्षा जवळचं आहे. चुकून हसणारा माणूस माइकपासून मागे सरकतो, हजारदा पाहिलंय मी. ही पुढे आली. अगदी माइकला नाक लावून, ऐकणाऱ्याच्या कानात हसली. मुलाखतीत तिनं सांगितलं ते खरंच होतं.

म्हणजे माया वगैरे काही नव्हतं तुमचं. कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही. एका अनोळखी मुलीच्या मनात काय होतं ते तुम्ही नुसत्या टेपवरून ओळखलंत आणि त्यासाठी गळा पुढे केलात. "चूक नाही ती," एवढंच बोललात. मी ते दया म्हणून ऐकलं आणि पुढे तसंच सांगत सुटलो. आवडलं का ते सांगत होतो मी, बाई. बरोबर काय ते तुम्ही सांगितलं होतंत.

छापायची होती ती गोष्टच चुकीची निघाली, म्हणून मित्राला फोन करून अर्धं पान राहू दे म्हटलं. तो म्हणाला, "अरे, जागा ठेवलीय, आता काय जाहिरात शोधू?" त्याला म्हटलं, शोध. मग शेवटच्या परिच्छेदापुढे मी "बरोबर" असं लिहिलं आणि लेख पास केला. एक शब्द बदलला नाही. बोरिवलीची मुलगी इतकी खूश झाली की तिनं ऑफिसमध्ये पेढे वाटले म्हणे.

हे पत्र तुमच्या मुलीला वाचायला द्यावं असं काल मनात आलं होतं, पाकीटही काढलं. मग पाकिटात विजेचं बिल ठेवलं. लेखात तुम्ही कुठेच नाही आहात. ताईचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.