डावीकडची सीट

हिंगणघाट,
ता. ३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
मोतीलालचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

दुकानात फोन असताना हा पोस्टात कशाला गेला, असं तुला वाटेल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की आतून सुमित्रा उत्तर देते. काही गोष्टी भावाबहिणीतच राहिलेल्या बऱ्या.

बातम्या दोन आहेत. चांगली आधी सांगतो. संक्रांतीनंतरच्या रविवारी वर्ध्याहून मोटारींची रॅली निघते आहे. वर्धा, सेलू, हिंगणी, बोर धरण आणि परत. मी आपली निळी फियाट घेऊन उतरतो आहे. या वयात कोणी उतरत नाही असं संयोजक म्हणाले, ते मी कौतुक म्हणून घेतलं.

दुसरी बातमी अशी की ही माझी शेवटची शर्यत ठरू शकते. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी मागे घेताना वृंदावनाला जरा लागली. सुमित्रा गावभर सांगते की यांनी नवरीलाच उडवलं. विटा कच्च्या होत्या, पण ऐकतं कोण? तिने मला देवघरासमोर उभं करून वचन घेतलं. या वेळी कप आणला तर गाडी राहील, नाहीतर ती वर्ध्याच्या धीरजला द्यायची. हा धीरज लग्नाआधीचे फोटो काढतो. माझ्या गाडीच्या बॉनेटवर तो नवरा-नवरी बसवणार आहे. ताई, हे मला खरंच सहन होणार नाही.

अडचण एकच आहे. शेजारी बसून रस्ता सांगणारा माझा दोस्त प्रेमदास चकरा येतात म्हणून बाद झाला. ही शर्यत वेगाची नाही, वेळेची आहे. प्रत्येक ठाण्यावर ठरल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर गुण कापतात आणि लवकर पोचलं तरी कापतात. म्हणून शेजारी हातात कागद आणि घड्याळ धरणारा माणूस लागतो. सगळ्यांना विचारून झालं, आता उरली सुमित्रा. तुझा शब्द ती मोडत नाही. तिला एक पत्र टाक, पण मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

लोभ आहेच. धाकटा म्हणून थोडा जास्त ठेव.

तुझा,
मोतीलाल

*

तळेगाव (श्यामजी पंत),
ता. ८ जानेवारी २०२५

चि. मोतीलालास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुमित्राला आजच लिहिलं आहे. तू सांगितलंस असं लिहिलेलं नाही, पण ती काही दूधखुळी नाही.

तुझं हे वेड मी तुझ्या दुधाच्या दातांपासून बघते आहे. जेवायला बसलास की ताट दोन्ही हातांनी धरून फिरवायचास, आणि वळणावर वरण माझ्या परकरावर यायचं. पुढे स्वतःच्या लग्नातही तू तेच केलंस. नवरीला शेजारी बसवून अशी गाडी हाणलीस, की आम्ही वऱ्हाडी मागेच राहिलो. दारात माप ठेवायला मी नाही, ओवाळायला कोणी नाही. ती पोरगी शालू नेसून ओट्यावर ताटकळत उभी, आणि तू मात्र किती वेळात पोचलो ते शेजाऱ्यांना सांगत होतास. अशा माणसाच्या शेजारी बसायला ती तयार झाली, तर तिचे पाय धू.

आणखी एक. आपले बाबा शंकरपटात बैल पळवायचे, ते तुला आठवत असेल. ते म्हणायचे, पटात जोडी जिंकते. एकटा बैल कितीबी पळाला तरी त्याले कोनी पेढा चारत नाई. तुझ्या दुकानाच्या भिंतीवर सगळी प्रमाणपत्रं 'सहभागाबद्दल' अशीच का आहेत, याचा त्यातून काही बोध झाला तर बघ.

गाडी हळू चालव. हे मी लिहिणार आणि तू वाचणार नाहीस, तरी लिहिते. तुझ्यावर माया आहे म्हणून रागावते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
अन्नपूर्णाताई

*

हिंगणघाट,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. ताईंस,
सुमित्राचा सा. न. वि. वि.

पाकिटात तिळगूळ घातला आहे. कागदाला चिकटला असला तर पत्र आधी वाचा, मग खा.

तुमचा शब्द मोडला नाही, मी गाडीत बसते आहे. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही म्हणून खरं कारण लिहिते. शेजारी मी असले म्हणजे हे नक्की हरतील. हरले की गाडी जाईल, आणि माझा जीव भांड्यात पडेल. मोतीबिंदू काढून वर्ष झालं नाही, अंगणातलं वृंदावन दिसलं नाही यांना, आणि म्हणे बोरच्या जंगलातून गाडी काढतो. उद्या काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? गाडी दारातून गेल्याशिवाय मला सुखाने झोप लागायची नाही. हे यांना कळवू नका.

सराव मात्र रोज चालू आहे. यांनी पहिल्या दिवशी मला मोठं भाषण दिलं, की सरासरी वेग काढणं फार अवघड गणित असतं. मी म्हटलं, पन्नास पानांचा स्वयंपाक एका वेळी ताटात पडतो तो काय गणिताशिवाय? काल नांदगाव चौकापर्यंत जाऊन आलो. मी सांगितलेल्या वेळेला बरोबर पोचलो, तर हे घड्याळच बिघडलं म्हणाले.

एक सांगू का, ताई? हातात कागद घेऊन बसलं की तेवढी भीती वाटत नाही. पण ते जाऊ द्या. आपली माया असू द्यावी, आणि हे हरावेत म्हणून मारुतीला एक नारळ बोलावा.

आपली,
सौ. सुमित्रा

*

हिंगणघाट,
ता. २१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शर्यत पार पडली. निकाल शेवटी लिहितो.

उद्घाटनाला मोठे पाहुणे होते. ते दोन तास उशिरा आले, म्हणून वेळेची शर्यत दोन तास उशिराने सुटली. पाहुण्यांना झेंडा दाखवायचा होता, पण त्यांच्या माणसांनी हौसेने आंब्याच्या पानांचं तोरण बांधून ठेवलं होतं. गाड्या एकेक करून सुटायच्या होत्या. पाहुण्यांनी तोरण तोडलं मात्र, पोळा फुटला की तोरणाखालून बैल धावतात, तशा सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. आपल्याकडच्या माणसाला तोरण तुटल्यावर उभं राहणं जमत नाही. माझाही पाय पेडलवर गेला होता, पण सुमित्राने हात धरला. सगळ्यांचे गुण तिथेच कापले गेले, आमचे तेवढे शाबूत राहिले.

पुढचं सगळं माझ्या चालवण्याच्या जोरावर उत्तम चाललं होतं. पण दुर्दैवाने वाटेत हिंगणी आहे, आणि हिंगणी हे सुमित्राचं माहेर. लेक गावावरून जाते आणि भावाच्या दारात थांबत नाही, हे आपल्यात कसं चालावं? तिच्या भावाने, बापूरावने, गाडी अडवली. माहेरच्या माणसांपुढे माझं काय चालणार? मी माणुसकी म्हणून पाचच मिनिटं थांबलो. त्यात थोडा वेळ गेला.

आम्ही शेवटून पहिले आलो. सहभागाबद्दल प्रमाणपत्र मिळालं.

येत्या रविवारी धीरज गाडी न्यायला येतो आहे. वचन ते वचन. मी आज गाडी पुसली, आणि मग दुकानात जावंसंच वाटेना. बायकांच्या माहेरापायी किती शर्यती बुडाल्या असतील याचा हिशोब कोणी ठेवत नाही. तू तरी माझ्या बाजूने राहा.

तुझा,
मोतीलाल

*

हिंगणघाट,
ता. २८ जानेवारी २०२५

ती. ताईंस,
सुमित्राचा सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते पाकिटाच्या जाडीवरूनच समजलं. आता माझं ऐका.

सेलूपर्यंतच्या ठाण्यांवर आम्ही एकही गुण गमावला नव्हता. घड्याळवाला माणूस माझ्याकडे दोनदा वळून बघत होता. मी हरवायला बसले होते हे मी केव्हाच विसरले होते. मागून एक पांढरी गाडी पुढे घुसली, तेव्हा मी यांना काय म्हणाले असेन? म्हणाले, दाबा ना, काऊन पाहून राह्यले. तोंडातून माहेरची बोली कधी निघाली ते कळलंच नाही.

आणि मग हिंगणी आली. ताई, रस्त्यावर मंडप होता. कापडी फलकावर यांचा फेट्यातला फोटो, शेजारी कुठल्याशा विलायती शर्यतीच्या गाडीचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'रेसर जावईबुवांचे हार्दिक स्वागत'. हे सगळं बापूरावला सुचलेलं नव्हतं. यांनीच त्याला आठवडाभर आधी फोन करून कळवलं होतं, की आम्ही अमक्या वेळेला गावातून जाऊ, दोन-चार मंडळी असली तर बरं दिसेल. वहिनीने मला सगळं सांगितलं.

शाल झाली, नारळ झाला, टोपी झाली. सरपंच माइकवर बोलले, की जावईबुवाचा वेगच असा हाय, का या मानसाले कोनी अडवू शकत नाई. तोवर यांना अडवून अर्धा तास झाला होता. मंडपाला घासून एकेक गाडी हॉर्न वाजवत पुढे जात होती, आणि लोकांना वाटे, सत्काराला सलामी देत आहेत. मी घड्याळ दाखवून हात दुखवून घेतला. वहिनी ओटी भरायला आली तर मी तिला म्हटलं, ती गाडीत टाक. शेवटी हे आभाराला उठले. आभार कुठून सुरू झाले असतील? लहानपणी ताटाचं स्टेअरिंग करायचे, तिथून.

गाडीत बसल्यावर मी कागद मागच्या सीटवर टाकून दिला. बोर धरणाच्या कडेला यांनी गाडी थांबवली आणि हे रडले. म्हणाले, इतकी वर्षं पळालो, पण रेसर म्हणून माझं नाव कोणी कधी लिहिलं नव्हतं, मला त्या खुर्चीवरून उठवेना. मला फार राग आला होता, ताई, तो तिथेच गळाला. माझ्या माणसाची एवढीशी हौस, आणि ती माझ्या माहेरच्या लोकांनी पुरवली. मी इतक्या वर्षांत एकदा तरी पुरवली का?

रविवारी धीरज आला. बॉनेटवर बसून बघत होता, किती मजबूत आहे ते. मी त्याला खाली उतरवून तिळगूळ दिला आणि सांगितलं, गाडी द्यायची नाही. हे दारात किल्ली पुढे करून उभे होते. वचन मला दिलं होतं, ते सोडायचा हक्कही माझाच, असं मी म्हणाले. मात्र एक अट घातली. यांच्या डोळ्यांचा भरवसा मला अजून नाही. म्हणून पुढच्या वेळी गाडी मी चालवणार, आणि हे शेजारी बसून कागद वाचणार. मोनाली म्हणून एक मुलगी बायकांना गाडी शिकवते, तिच्याकडे उद्यापासून जाते आहे.

लग्नाच्या दिवशी मी ओट्यावर एकटी उभी होते, याची तुम्हाला अजून हळहळ वाटते. खरं सांगू? मला त्या दिवशी जराही वाईट वाटलं नव्हतं. असा वारा तोंडावर मी कधी घेतला नव्हता. वाटलं होतं, आता रोज असंच असेल. मग शर्यतीला शेजारच्या सीटवर प्रेमदासभाऊ बसायला लागले, आणि मला कोणी विचारलंच नाही.

तो नारळ मारुतीला माझ्या नावाने फोडून टाका, पण उलट्या नवसाची माफी मागून. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली,
सौ. सुमित्रा

*

तळेगाव (श्यामजी पंत),
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. मोतीलालास आशीर्वाद.

पाच मिनिटं थांबलास काय? सुमित्राचं पत्र आलं आहे. वाचून इतकं हसले की शेजारीण धावत आली, आणि शेवटी डोळ्याला पदर लावला. लबाडा, जोडी तुझ्या घरातच होती आणि तू चाळीस वर्षं प्रेमदासला शेजारी बसवून पळत होतास.

तिचे पाय धुतलेस का ते कळव. बाकी माया आहेच, ती कुठे जात नाही.

अन्नपूर्णाताई

*

हिंगणघाट,
ता. ११ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याशिवाय मला आता कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. सुमित्राला लायसन्स मिळालं.

डावीकडे बसलं की जग वेगळंच दिसतं, ताई. प्रत्येक ट्रक आपल्याच अंगावर येतो. माझ्या पायाखाली ब्रेक नाही हे माहीत असूनही मी तो दाबत असतो. चपलेचा तळ झिजला. काल नागपूरच्या रस्त्यावर मी तिला हळू म्हणालो, तर तिने सांगितलं, तुम्ही कागदात बघा. वाटेत ओळखीचे लोक भेटतात, ते तिला नमस्कार करतात आणि माझ्याकडे आजाऱ्याला बघावं तसं बघतात. प्रेमदास तर समाचाराला येऊन गेला.

चेष्टा सोड. या सीटवर ती चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसली, बाजाराला, लग्नाकार्याला, दवाखान्यात, आणि मी एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही, माझं लक्ष रस्त्यावर होतं. आता मला बघण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून मी तिच्याकडेच बघतो. गाडी चालवताना ती गुणगुणते. हे मला माहीतच नव्हतं. ताई, मला फार बरं वाटतं.

पावसाळ्यानंतर पुन्हा रॅली आहे. अर्ज भरला, त्यात चालकाच्या जागी तिचं नाव. बापूराव मंडप घालतो म्हणत होता. तिने त्याला बजावलं, की मंडप घातला तर मी त्याच्यातून गाडी काढीन, पण थांबणार नाही. ती काढेलही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतो. गाडी तीच आणते आहे. आर्वीवरून येऊ, दुपारच्या जेवणाला पोचू असं तिचं म्हणणं आहे, पण तिच्या म्हणण्यावर विसंबू नकोस. तू सकाळीच दाराशी उभी राहा, आणि माप आधीच भरून ठेव. मागच्या खेपेला तुला उशीर झाला होता.

तुझा,
मोतीलाल