आपल्या दोघांचं खातं

सोमवार, ४

पोचलो एकदाचा. नोकरी अशी झकास आहे की फोनवर दादाला सांगितलं तर तो म्हणाला, पगार ते तुला देणार आहेत की तू त्यांना? गेमचं दुकान आहे. पुढे जुन्या डिस्कची खरेदी-विक्री, आतल्या खोलीत तासाने भाड्यावर मिळणारे पीसी. माझं काम पुढचं. आलेली डिस्क मऊ फडक्याने पुसायची, कन्सोलवर लावून चालते का बघायची, चालली तर कव्हरात घालून फळीवर. शाळेत ज्याच्यासाठी मार खाल्ला त्याचाच आता पगार मिळणार.

राहायला दुकानावरचा माळा. खिडकीखाली लाँड्री आहे, दिवसभर साबणाची वाफ वर येते. पलंगाचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. आता डुगडुगत नाही.

ही वही दादाच्या हुकमाने. त्याचं म्हणणं, तुझं बूड कुठे टेकत नाही, निदान दोन ओळी लिहिण्यापुरता तरी एका जागी बस. दादाला मात्र बसताही येत नाही. रंगकाम करताना परांचीवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. आई सकाळी कामाला जाते ती संध्याकाळी येते. तोवर घरात तो, पलंग आणि पलंगाला टेकवलेला जुना कॉम्प्युटर.

बुधवार, ६

आतल्या पीसींचा कारभार बघतो त्याला सगळे चष्म्या म्हणतात, मालकसुद्धा. चष्मा त्याला नाहीच. पूर्वी होता म्हणे.

आज आमची चांगलीच जुंपली. तो म्हणाला, कन्सोल म्हणजे दुसऱ्याने झाकण लावून दिलेला डबा, पीसी आपल्या हाताने उघडता येतो, वाढवता येतो. मी म्हटलं, तुझा पीसी कायम उघडलेलाच दिसतो, मग खेळतोस कधी? मग गाडी डिस्कवर आली. मी सांगितलं, डिस्क हातात असते. विकता येते, उसनी देता येते, भांडण झालं की परत मागता येते. तुझे डिजिटल गेम म्हणजे भाड्याची खोली. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि मालकाचं डोकं फिरलं की उचला बोचकं. तो म्हणाला, आणि तू खाट डोक्यावर घेऊन गावभर फिर. तेव्हापासून त्याने माझं नाव तबकडी ठेवलंय.

त्याला सांगितलं नाही की डिजिटल खातं माझंही आहे. माझं म्हणजे दादाचं आणि माझं, एकच. डिस्क काही फोनमधून घरी पाठवता येत नाही. मी इथे खात्यात गेम घेतला की तिकडे दादाच्या पलंगाजवळ दिसतो. जेवणाच्या सुट्टीत मी आतल्या पीसीवर बसतो, तो तिकडून येतो, आणि अर्धा तास आम्ही एका संघात असतो. त्यात दादा पळतो. खूप पळतो. शेजारच्या काकूंना येऊन बघावं लागतं, एवढा आरडाओरडा करतो. तो आहेच बडबड्या. खिडकीखालून कोणी नुसतं खोकलं तरी आतून ओरडतो, ये रे, ये की आत!

रविवार, १०

दुपारी एक नर्स आली, ड्यूटीवरून सरळ आलेली, बिल्ला तसाच लावलेला. कव्हर नसलेली एक डिस्क काउंटरवर ठेवली. वर मार्करने लिहिलेलं, लपाछपी. पैसे नको म्हणाली. फक्त म्हणाली, घेतली म्हणा. मी म्हटलं, घेतली. तर म्हणते, तसं नाही, माझी झाली म्हणा. मला हसू आलं. म्हटलं, बरं बाई, माझी झाली. ती इतक्या घाईने निघाली की काचेचं दार तिच्या खांद्याला लागलं.

डिस्क लावली. संगीत नाही, नाव नाही. एक घर, आणि आपण लपायचं. बाजूच्या कुठल्याशा खोलीत कोणीतरी मोजतं, लहानपणी राज्य असलेला मोजायचा तसं. दहा, वीस, तीस. आवाज बाईचा नाही, पुरुषाचा नाही. मी दारामागे लपलो. चाळीस झाले आणि गिऱ्हाईक आलं, बंद केला.

खेळ चांगला आहे. विकायला नाही काढला. ठेवून घेतला.

मंगळवार, १२

सकाळी फळ्या पुसत होतो. कन्सोल बंद, टीव्ही बंद. मागच्या स्टोअरमधून आवाज आला, पन्नास. मग बऱ्याच वेळाने, साठ.

चष्म्याची मस्करी असणार म्हणून आत गेलो. तो पंख्याखाली पाय पसरून झोपलेला, तोंड उघडं. गिऱ्हाइकांच्या सगळ्यांच्या कानावर हेडफोन.

स्टोअरमध्ये खोकी आणि झाडू, बाकी काही नाही.

मग मी मूर्खपणा केला, डिस्क परत लावली. घर बदललं होतं. अरुंद जिना, माळा, पलंग. पलंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

गुरुवार, १४

नर्स परत आली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून विचारलं, लावली का? मी म्हटलं, लावली. तिथेच रडायला लागली. मी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं.

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. डिस्क तिच्या नवऱ्याने कुणाकडून तरी आणली. मोजणं आधी दूरच्या खोलीतून येतं, मग जवळच्या. शंभर झाले की ते विचारतं, येऊ का? नाही म्हटलं तरी चालतं, गप्प बसलं तरी चालतं. ते परत विचारतं. फक्त ये म्हणायचं नाही. नवरा स्वयंपाकघरात होता, त्याला वाटलं बायकोच आहे, म्हणाला, ये. पुढचं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग ते तिच्यामागे लागलं, कारण घरात ती म्हणायची, डिस्क माझी आहे, नवऱ्याची आठवण. घरात ती कुणाशी बोलेनाशी झाली. सुटायचं एकच, हातातून हातात द्यायची आणि घेणाऱ्याने माझी म्हणायला हवं. तिला वाटलं दुकानात दिली तर ती कुणा एकाची होणार नाही. आणि मी मोठा हौशी, ठेवून घेतली.

तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

शुक्रवार, १५

आता स्टोअरमधून नाही. जिन्याखालच्या मोरीतून. ऐंशी.

एका कॉलेजच्या मुलीने काउंटरवरून ती डिस्क उचलली, लपाछपी वाचून हसली, केवढ्याला म्हणाली. एक शब्द पुरे होता. घे, तुझी. तोंडापर्यंत आला होता. हिसकावून घेतली तिच्या हातातून. ती घाबरली, मालकांनी झापलं.

मग वाटलं चष्म्याला द्यावी. तो बिस्किटं खात होता, एक न विचारता माझ्यापुढे केलं. मी म्हटलं ही डिस्क ठेव. तो म्हणाला, तबकडीला हात लावला तर माझी जात बाटेल. हसत सुटला. मलाही हायसं वाटलं.

ठरवलं. कुणाला द्यायची नाही. मी तोंड मिटून राहीन. डिस्क माझ्याजवळ आहे तोवर ते फक्त माझ्यामागे आहे, हे तरी आहे.

शनिवार, १६

मी बँकेतून आलो तर फळ्या रिकाम्या. मालकांनी डिस्कचा धंदा बंद केला. सगळ्या पोत्यात भरून भंगाराच्या मशीनमध्ये. चुरा झाला. म्हणाले नोकरी जात नाही, आत पीसीवर बस.

चष्म्याने मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर नुसता आनंद. म्हणाला, तुझी ती लाडकी तबकडी वाचवली बघ. कन्सोलची डिस्क पीसीत चालत नाही, पण ही चालली. घातल्या घातल्या हिने खातं विचारलं, सुट्टीत तू बसतोस तेच पीसीवर उघडं होतं, दाबलं. आता गेम तुझ्या खात्यात. ओरखडा नाही, चोरी नाही, हरवायची भीती नाही. म्हणाला, जन्माची तुझी झाली.

डिस्क कुठे विचारलं. तो म्हणाला, ती कशाला हवी आता, मशीनमध्ये टाकली.

माझ्या खात्यात. आपल्या दोघांच्या खात्यात.

रविवार, १७

दादाचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत ओरडायला लागला, आपल्यात नवीन गेम आलाय, सांगितलं नाहीस गधड्या! मी म्हटलं उघडू नको, तो माझा आहे. तो म्हणाला, तुझा काय नि माझा काय, आपला आहे.

आपला म्हणाला. मी ऐकलं.

उघडूनही झालाय. म्हणाला, घर ओळखीचं वाटतं रे, आपली मोरी, आपलं स्वयंपाकघर.

सोमवार, १८

काढून टाकला. परत आला. चार वेळा काढला. चष्म्याने समजावलं, मशीनवरून जाईल, खात्यातून जात नाही, एकदा आला की तुझाच. देता येत नाही का कुणाला? नाही. विकता? नाही. खातंच बंद करतो म्हटलं. तेही करून बघितलं. बाकी सगळं बंद होतं, हा एक उघडा राहतो. मग खातं परत चालू केलं.

दुपारी दादाने कुजबुजत फोन केला. हसू दाबत होता. म्हणाला, आई कामावर आहे आणि स्वयंपाकघरात कोणीतरी मोजतंय. मला कळलंय हां. तू आलायस ना न सांगता? सत्तरपर्यंत आलास. ये लवकर, मी काही

ओरडलो. एवढ्या जोरात की आतली गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. ते शंभराच्या आधीचं होतं, त्याने विचारलेलं नव्हतं, म्हणून चालून गेलं. मी सगळं सांगितलं. नर्स, नवरा, सगळं. दादा हसला. म्हणाला, दिवसभर छताकडे बघतो रे मी. कोणीही आलं तरी ये म्हणेन.

मंगळवार, १९

दादाला खात्यातून काढलं. पासवर्ड बदलला. त्याचे सगळे गेम गेले, खेळलेले सगळे डाव गेले. खात्याने विचारलं, नक्की का? सगळं कायमचं जाईल. नक्की म्हटलं. मग जिथे आमची दोन नावं होती तिथे माझं एकच. मोठ्याने म्हटलं, माझं. फक्त माझं.

दादा फोन उचलत नाही. आईचा मेसेज, तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, जेवला नाही, तू काय केलंस त्याला?

आईला विचारलं, स्वयंपाकघरात काही आवाज? ती म्हणाली, कसला आवाज, घर मेल्यासारखं गप्प आहे.

गप्प आहे. गप्प आहे.

बुधवार, २०

शंभर झाले. दुपारी. माळ्याच्या दाराबाहेर. येऊ का?

बोलत नाही आता कुणाशीच. गिऱ्हाइकं दारात विचारतात येऊ का आत — मान हलवतो, हाताने बोलावतो. चष्मा विचारतो, मिठाची गुळणी धरलीस का? मालक बघतात नुसते.

येऊ का? जिन्यातून. येऊ का? कपड्यांच्या दोरीमागून. उन्हात, भर उन्हात —

चष्म्याच्या आवाजात विचारलं एकदा. तोंडात फडकं कोंबलं.

गुरुवार, २१

दादाचा फोन आला!

दादाचाच. माळ्यावर होतो, फोन कानाला लावून पलंगावर आडवा झालो. आधी शिव्या दिल्या, मनसोक्त. मग म्हणाला, गेम गेले खड्ड्यात, तू कसा आहेस? शेजारच्या काकूंनी जुना कन्सोल दिलाय, दोन डिस्क. बदलायला आई लागते. म्हणाला, हातात धरून बघितली रे, तू म्हणायचास ते खरं आहे. मी काही बोललो नाही, नुसता रडत होतो, त्याला ऐकू गेलं असणार. किती दिवसांनी कोणी बोलत होतं. मग थोडा वेळ शांतता, आणि मग फोन ठेवताना म्हणतो तसं म्हणाला, बरं, येऊ का मग?

मी म्हटलं, ये.

फोन बंद पडलाय, चार्जिंग नाही. लावला. दादाचा मेसेज आलाय — मध्येच कट झालास, कन्सोलचं सांगत होतो तेव्हाच, बाय पण म्हणता नाही आलं —

मग ते कोणी —

पलंग डुगडुगला. मी वहीजवळ आहे, खिडकीत. पलंगावर कोणी नाही, पण तो — गादी खाली दबत चाललीये, एका बाजूने, कोणी बसतं तशी, आणि आता दुसऱ्या बाजूने पाय वर घेऊन हळूच माझ्या