मधला ठोकळा

प्रिय ठकू,

गिटार काल निघाली. पार्सलच्या ऑफिसात मी स्वतः नेऊन दिली आणि खोक्यावर चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहिलं. ‘गिटार’ लिहिलं की हमाल तिच्यावर बसून चहा पितात, काच म्हटलं की निदान बसायच्या आधी विचार करतात. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “आजोबा, आत नक्की आहे काय?” मी म्हटलं, “वाचता येतं ना तुम्हाला?” तेवढ्यापुरतं बरं वाटलं, पण घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. ट्रक उन्हात उभा असेल का, वर कुणी कपाट ठेवलं असेल का. तुझी आई म्हणते, मुलीला सासरी पाठवताना एवढी उलघाल केली नव्हतीत. खरं आहे. तेव्हाच करायला हवी होती.

तुझ्या निरोपात जे जे लिहिलं होतंस ते मी दुकानात जायच्या आधी पुन्हा वाचलं. अंगानं पातळ, मधे ठोकळा असलेली, तारा बारीक, रंग शक्यतो लाल. ठोकळा कशासाठी ते मला कळतं. पोकळ गिटारच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा भरला की वरची फळी फारशी थरथरत नाही, आणि शेजारी कितीही बडवाबडव चालली तरी गिटार हुंकारत नाही. पण तू माझ्या मांडीवर बसून वाजवायला शिकलीस आणि तुझ्या तोंडून बारीक तारा हा शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. ‘शक्यतो लाल’ वाचून तर तुझी आई चष्मा काढून म्हणाली, “हे हिचं नाही. हे जावयांचं.”

दुकान म्हणजे काचेचा महाल. गिटारी भिंतीवर अशा टांगलेल्या, जशा धोब्याकडच्या इस्त्रीच्या पँटी. विकणारा चाळिशीचा, मागे शेंडीएवढी वेणी. मी जाझसाठी पोकळ गिटार हवी म्हटल्यावर त्यानं ठोकळावाली लाल काढली, वायर खुपसली आणि असं काही वाजवलं की बाहेरचा कुत्रा उठून पलीकडे जाऊन बसला. मग मला म्हणाला, “जाझच पाहिजे ना काका? मग हे बटण इकडे फिरवायचं.” म्हणजे जाझ हे बटणात असतं. आम्ही उगाच बोटं सोलून घेतली. मी सपाट वेटोळ्याच्या जाड तारा आहेत का विचारलं, त्या बोटाखाली करकरत नाहीत आणि सूर गोल देतात. तो म्हणाला, “त्या आजकाल कुणी लावत नाही.” मी म्हटलं, आजकाल कुणी ऐकतही नाही, म्हणून काय मी कान कापून तुमच्याकडे ठेवून जाऊ? त्याला ते फार आवडलं, वेडा हसत बसला. ज्याला टोमणा मारावा त्यानं हसावं, यासारखा दुसरा अपमान नाही.

एक गिटार सगळ्यात वरच्या रांगेत होती, धुळीनं भरलेली. पोटाला जाड, मधाच्या रंगाची, दोन बाजूंना वळणदार भोकं. ती खाली काढायला लावली. त्यानं वायर पुढे केली, मी नको म्हटलं. पोकळ गिटार आधी वायरीशिवाय ऐकावी. वायर लावली की टेबलसुद्धा गातं. एकेक तार मी अंगठ्यानं सोडली आणि सूर किती वेळ टिकतो ते बघत राहिलो. मग आडवा धरून तिचा दांडा डोळ्यासमोर आणला. दांडा किंचित आत वाकलेला हवा, पाठ टेकून बसलेल्या माणसासारखा नव्हे, वाचायला पुढे झुकलेल्या माणसासारखा. मग दांड्यावरच्या प्रत्येक फ्रेटच्या पट्टीपाशी बोट ठेवून तार कुठे खडखडते का ते पाहिलं. मागे उभा राहून तो वेणीवाला उसासे टाकत होता. दोन्ही गिटारी मी पुन्हा पुन्हा घेतल्या, ठेवल्या, घेतल्या. शेवटी एक घेतली. घरी येईपर्यंत चूक केली की काय या विचारानं रिक्षात तीनदा वळायला सांगणार होतो.

घरी जेवणाच्या टेबलावर घोंगडी पसरून बसलो. आईनं विचारलं, “आता जेवायचं कुठे?” मी म्हटलं, हातात. माझ्या खणातल्या जाड तारा चढवल्या, पण एका वेळी एकच. एक काढायची, तिच्या जागी नवी चढवून ताणायची, मगच दुसरीला हात लावायचा. सहाही एकदम काढल्या की तारांखालची घोडी निसटते, कारण ती फळीला कुठेही जोडलेली नसते. तारांचा दाब हाच तिचा आधार. ती केसभर पुढेमागे झाली की वरचे सूर खोटे लागतात. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहितोय. ‘घोडी सुटी’ वाचून तुझ्या लक्षात काय यायचं ते आलंही असेल. पण मला जरा माझ्या क्रमानं सांगू दे.

कारण घोडीचं नाव निघालं की मला आमचे जावईबापू आठवतात. लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले होते ते. आपण तिघं तुझ्या आईच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो आणि मागे त्यांना सासऱ्याला खूश करायची हुक्की आली. माझी जुनी गिटार, जी मी उभी हयात हॉटेलात लोकांच्या काट्याचमच्यांच्या आवाजात वाजवली आणि जी पुढे तुझीच व्हायची होती, ती त्यांनी भिंतीवरून काढली. सगळ्या तारा एकदम उतरवल्या. घोडी हातात आली. यांना वाटलं, म्हाताऱ्याची गिटार मोडकी आहे, बिचारा तशीच वाजवत असेल. मग फळी चकचकीत पुसली आणि घोडी चिकटवून टाकली. साध्या डिंकानं नव्हे, ज्यानं चप्पल चिकटते त्यानं. दारात उभे राहून म्हणाले, “बाबा, तुमची घोडी हलत होती, मी पक्की केली.” वाटेल तिथे चिकटवलेली, तीही उलटी, जाड तारांची बाजू बारीक तारांकडे.

मी ती सोडवायला गेलो तेव्हा फळीचा कपचा घेऊन निघाली. आजही ती गिटार भिंतीवर आहे. वाजवली तर एखाद्या कफ झालेल्या माणसासारखी खोकते. पण मला चीड त्याची नाही येत. अज्ञानी माणसाला शंका येत नाही, हे मी हॉटेलात रोज बघायचो. चीड येते ती तू माझा दंड धरून जे म्हणालीस त्याची. “जाऊ दे ना बाबा, त्यांनी चांगल्या मनानं केलं.” तेव्हापासून तुझ्या बोलण्यात जाऊ दे किती येतं, ते तुझी आई मोजत नाही, पण प्रत्येक वेळी माझ्याकडे बघते.

मागच्या महिन्यात तू तुमच्या चौघांच्या वादनाचा व्हिडिओ पाठवलास. पियानोवाले गृहस्थ सभ्य वाटले. त्यांचं डोकं चालतं, हातही चालतो. उभ्या बासवाला झोपेत होता, पण सुरात होता. आणि मागे ड्रमवर आमचे जावईबापू, सगळ्यात उंच आसनावर, घर पाडायचं कंत्राट मिळाल्यासारखे. तू दिसत होतीस. तुझा हात फिरत होता, बोटं बरोब्बर जागी पडत होती, मी बघूनच सूर ओळखले. ऐकू मात्र एकही आला नाही. आईनं मोबाइल कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाली, “ही वाजवतेय का नुसता हात हलवतेय?” आमच्या हॉटेलात एक ड्रमर होता, चांगला धिप्पाड. पण गिटारची पाळी आली की काठ्या मांडीवर ठेवायचा आणि तारेच्या ब्रशनं असा घोळवायचा, जसं कुणी शेजारच्या खोलीत धान्य पाखडतंय. त्याला ड्रमर म्हणतात. आमच्या जावयाला नुसता जोर आहे. उथळ पाण्याचा खळखळाट निदान पाण्यासारखा तरी लागतो.

आणि आता तू फोनवर सांगितलंस की पुढल्या महिन्यात मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे, पियानोवाले त्यानंतर कायमचा संच ठरवणार, आणि तुझी गिटार ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यावर घरातून तोडगा निघाला आहे, की ठोकळावाली गिटार घेऊन बघू, आवाज वाढवता येईल, आणि तरी नाही जमलं तर तू बाहेरची व्यवस्था बघ. तारखा, गाड्या, जेवणं. “तसंही तिला ते छान जमतं,” असं फोनमध्ये मागून ऐकू आलं. तू हसलीस. ते हसू मी ओळखतो. चुकीचा सूर लागल्यावर लपवायला माणूस जसा हसतो तसं होतं. जी पोरगी शाळेतून आली की दप्तर न काढता गिटार घ्यायची, तिनं जेवणं मोजायची, आणि ज्याला घोडी म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यानं सभागृहात टाळ्या घ्यायच्या. मी आजवर त्याला ‘ते’ म्हणत आलो. आई म्हणते, जावई आहेत, म्हणावं लागतं. आजपासून मी सोडलं.

तर ठकू, आता ऐक. लाल गिटार मी दुकानातच ठेवली. येतेय ती मधाच्या रंगाची, पूर्ण पोकळ, ठोकळा नसलेली, सुट्या घोडीची. घोडी मी तिच्या जागेवर आणली आहे आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्यात. प्रवासासाठी तारा ढिल्या केल्या आहेत, काढलेल्या नाहीत. पोचली की दिवसभर खोक्यातच राहू दे, तिला हवा ओळखू दे. मग हळूहळू ताण. ती घराच्या आवाजात, माणसाच्या आवाजात वाजवलीस तर अशी बोलेल की पियानोवाले वाजवायचे थांबतील. पण मागून काठ्या कोसळल्या आणि तू बटण वाढवलंस, तर भोंग्यातला आवाज फिरून तिच्या पोटात शिरेल आणि ती हुंकारेल, सगळ्यांना ऐकू जाईल एवढी. वेणीवाल्यानं मला बजावलं होतं, “काका, या गिटारमध्ये हा दोष आहे.” मी म्हटलं, त्याचसाठी नेतोय.

हे फोनवर का नाही सांगितलं, तर तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तो शेजारी बसलेला असतो. म्हणून पत्र, आणि तेही तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर. आई म्हणते, तुम्ही दुसऱ्याच्या संसारातली घोडी सरकवताय, तोंडघशी पडाल. पडेनही. कार्यक्रमात भलतंच झालं तर तू मला कधी माफ करणार नाहीस, या भीतीनं मला काल जेवण गेलं नाही. तरी सांगतो. तो भोकांत बोळे कोंबायला सांगेल. कोंबू नकोस. घोडी पक्की करून देतो म्हणेल. हात लावू देऊ नकोस. आणि सभागृहात ती हुंकारलीच, तर घाबरून बटणं चाचपू नकोस, हसू नकोस. तळहात सगळ्या तारांवर सपाट ठेव, म्हणजे ती गप्प होईल. मग मागे वळून त्याच्याकडे बघ आणि थांबून राहा. कितीही वेळ लागू दे. कुणाचा आवाज खाली यायला हवा ते बसलेल्या प्रत्येकाला कळेल, आणि कदाचित तुलाही. तो काठ्या खाली ठेवेपर्यंत हात उचलू नकोस. नाहीच ठेवल्या, तर गिटार पेटीत घाल आणि सरळ इकडे ये. टेबलावरची घोंगडी मी अजून काढलेली नाही, आम्ही हातात घेऊनच जेवतो आहोत.

तुझाच, ज्याला अजून तुझा प्रत्येक सूर ऐकू येतो तो,
बाबा